तेल विकणारा देश, आणि पेट्रोलला रांगा? नायजेरियाचं गणित कुणी समजावेल का

भोसरीचा_बाळ्या:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आमच्या कंपनीची (प्लास्टिक मोल्डिंग, बादल्या-खुर्च्या-क्रेट) लागोसच्या एका पार्टीशी बोलणी चालू आहेत आणि साहेबांनी परवा चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, दोन वर्षं जातोस का म्हणून. घरी सांगितलं तर आईचं पहिलं वाक्य, "तिकडे माणसं उचलून नेतात ना रे". बायको म्हणाली तेलाचा देश आहे म्हणजे दुबईसारखाच असणार. मी दोघींच्या मधे. मग रात्री मोबाईलवर वाचत बसलो आणि डोक्याचा पार भुगा झाला.

म्हणजे बघा, १९५६ ला तिथे तेल लागलं, १९५८ पासून विकतायत, ओपेकमध्ये (तेल विकणाऱ्या देशांची संघटना) १९७१ पासून आहेत. आणि तरी पेट्रोल बाहेरून आणत होते? पंपावर रांगा? लाईट नाही? २० कोटींच्या वर लोकसंख्या आणि ग्रिडवर जेमतेम ४-५ हजार मेगावॅट, हा आकडा मी तीनदा वाचला, मला वाटलं शून्य राहिलं असेल. आपलं मुंबई हाय १९७४ ला लागलं, ते देशाला कधीच पुरलं नाही, आपण आयुष्यभर तेल बाहेरून आणतोय, तरी आमच्या भोसरीत गुरुवार सोडला तर लाईट असते.

नोकरीचं मी बघेन काय करायचं ते, पण हे कोडं सुटल्याशिवाय झोप येणार नाही. तिथे राहून आलेलं कुणी आहे का? "भ्रष्टाचार" हे एका शब्दाचं उत्तर नको, ते आपल्यालाही लागू पडतं.

---

इकेजा_रिटर्न:

बाळ्या, तुझ्याच धंद्यातला माणूस आहे मी. २०१० ते २०१७ लागोसला होतो, इकेजात राहायला, प्लँट तिथून तासाभरावर, आणि ट्रॅफिक लागलं तर तीन तासांवर, त्याला तिकडे गो-स्लो म्हणतात. कंपनीचं नाव घेत नाही, अजून ओळखीतली पोरं आहेत तिथे.

लाईटपासून सुरू करतो कारण तुला मोल्डिंगवाल्याला ते लगेच कळेल. मशीन चालू असताना लाईट गेली की मशीनच्या बॅरलमधलं (नळीतलं) वितळलेलं प्लास्टिक तिथेच जमतं. तुझ्याकडे महिन्यातून एकदा झालं तरी तू एमएसईबीच्या नावाने शंख करशील. आमच्याकडे ते दिवसातून चार वेळा व्हायचं म्हणून आम्ही ग्रिडची लाईट घेणंच सोडून दिलं. फुकट आली तरी नको. सगळा प्लँट चोवीस तास आमच्या डिझेल जनरेटरवर, एक चालू, एक उभा, एक दुरुस्तीला. डिझेलचा टँकर आला की आमचा स्टोअरचा माणूस पट्टी घालून मोजायचा, आणि त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा माणूस, आणि त्या दुसऱ्यावर मी. आता सांग, अशी बनवलेली बादली चीनच्या बादलीला भावात कशी टक्कर देणार? तेल जमिनीतून काढणाऱ्या देशात कारखाना चालवायला सगळ्यात महाग वस्तू कुठली तर इंधन. यावर आम्ही रोज हसायचो, पण हसून बिल कमी होत नाही.

घरी पण तेच. गरीब-मध्यम वस्तीत प्रत्येकाच्या गॅलरीत एक छोटा टू-स्ट्रोक जनरेटर असतो, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा, आपल्या जुन्या फवारणी पंपासारखा आवाज. त्याचं तिथलं नाव "आय बेटर पास माय नेबर", म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मी बरा. एका मजल्यावर असे सहा चालू झाले की टीव्ही ऐकू येत नाही, ज्याच्यासाठी लावलाय तोच. आणि रात्री अचानक लाईट आली की अख्ख्या गल्लीतली पोरं एका सुरात ओरडतात "अप नेपा!". नेपा हे जुन्या वीज मंडळाचं नाव, ते मंडळ गेलं, नाव बदललं, २०१३ ला वितरण खाजगी झालं, पण पोरं अजून नेपाच ओरडतात.

पेट्रोलचं. देशात सरकारी रिफायनऱ्या चार, पोर्ट हारकोर्टला दोन, वारी आणि कडुना. कागदावर सगळ्या मिळून दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या आसपास. प्रत्यक्षात मी होतो तेव्हा कधी पाव चालायच्या कधी बंद, आणि दर दोन वर्षांनी दुरुस्तीचं नवीन कंत्राट. मग कच्चं तेल जहाजात भरून बाहेर आणि तयार पेट्रोल जहाजात भरून आत. आता हे बाहेरून आणलेलं पेट्रोल लोकांना स्वस्तात द्यायचं, फरक सरकारने भरायचा. आणि फरक कुणाला भरायचा? आयात करणाऱ्या व्यापाऱ्याला. तो जितके लिटर आणले म्हणेल तितक्याचे. मग कुणी आणलेच नाहीत तरी म्हणाले आणले, कुणी आणले आणि सरहद्दीपलीकडे बेनिनला नेऊन विकले. कोटोनूच्या रस्त्यावर काचेच्या बाटल्यांमध्ये नायजेरियन पेट्रोल विकायला ठेवलेलं मी स्वतः बघितलंय, आपल्याकडे घाटात मध विकतात तसं.

आणि ज्या दिवशी सरकारकडून पैसे थकले त्या दिवशी व्यापारी हात वर करणार. मे २०१५ ला नवीन सरकार बसायच्या आदल्या आठवड्यात हेच झालं, विमानं उभी राहिली, बँका दुपारीच बंद व्हायला लागल्या, मोबाईल कंपन्या म्हणाल्या टॉवरचं डिझेल संपतंय. आमचा ड्रायव्हर पहाटे तीनला रांगेत लागला आणि दुपारी एकला रिकामा परत आला. रात्री त्याच पंपाच्या मागच्या गल्लीत कॅनमधून दुप्पट भावाने हवं तेवढं.

जानेवारी २०१२ चं तर विचारूच नको. १ तारखेला सरकारने सबसिडी काढली, ६५ चं पेट्रोल १४१ नायरा (तिथलं चलन). आख्खा देश आठवडाभर बंद. आम्ही कंपाउंडच्या आत, वरणभात आणि इंडोमी नूडल्स खाऊन. शेवटी ९७ वर तोडगा निघाला. तिथल्या माणसाला तू मूर्ख समजू नकोस हां, आमच्या प्लँटचा एक फोरमन तेव्हा म्हणाला होता ते अजून लक्षात आहे, "ओगा (साहेब), हे सरकार मला रस्ता देत नाही, पाणी देत नाही, लाईट देत नाही. एक स्वस्त पेट्रोल देतं, ते पण काढून घेणार?" याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

सुरक्षेचं आणि पगाराचं वेगळं लिहितो, आता जेवायला बोलावतायत.

---

सरळरेघ:

एवढं लांबण लावायची गरज नाही. लष्करी हुकूमशहा अबाचाने लुटलेला पैसा अजून परदेशांतून हप्त्याहप्त्याने परत येतोय, तो मेला १९९८ ला. एका माणसाचं हे, बाकीच्यांचं काय. बाळ्याने नको म्हटलं तरी उत्तर तेच आहे. चोर आहेत म्हणून गरीब आहेत. विषय संपला.

---

खडूफळा:

सरळरेघ, चोर आहेत हे खरं पण विषय संपत नाही. मी अर्थशास्त्र शिकवते, सवय आहे लांब बोलायची, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

इंडोनेशियाचा हुकूमशहा सुहार्तो काय संत होता का? कुटुंबच्या कुटुंब खात होतं. तेलाचा पैसा त्यांच्याकडेही ७० च्या दशकातच आला. पण त्यातला बराच पैसा खताच्या कारखान्यांत, कालव्यांत, भाताच्या बियाण्यात, खेड्यातल्या शाळांत गेला आणि १९८४ ला तांदळात ते स्वयंपूर्ण झाले. चोरी दोन्हीकडे झाली. फरक चोरी झाल्यावर उरलेल्याचं काय केलं त्यात आहे.

आता बाळ्या, तुझ्या बायकोच्या दुबईचं आधी बघू. वही काढ. नायजेरिया दिवसाला साधारण १५ लाख बॅरल काढतो असं धर. गुणिले ३६५, झाले ५५ कोटी बॅरलच्या आत. भागिले लोकसंख्या २२ कोटी. माणशी वर्षाला अडीच बॅरल! बॅरल ७० डॉलरला विकलं तरी १७५ डॉलर, म्हणजे माणशी वर्षाला पंधरा हजार रुपये, महिन्याला साडेबाराशे. तेसुद्धा काढायचा खर्च, परदेशी कंपनीचा वाटा, चोरी काहीही वजा न करता. आमच्या कॉलेजच्या शिपायाचा मोबाईल आणि गॅस सिलेंडर यात जाईल. नॉर्वेचं हेच गणित कर, माणशी १०० च्या वर बॅरल येतात.

म्हणजे मुळात तो देश "तेलाने श्रीमंत" नाहीच. तेल आहे, पण खाणारी तोंडं किती. माझं म्हणणं असं की एवढ्याशा तेलाने देश श्रीमंत झाला नाही पण सरकार मात्र श्रीमंत झालं, आणि सगळा घोळ इथे आहे. तिथल्या जीडीपीत तेलाचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आलाय, पण निर्यातीतून येणाऱ्या डॉलरमध्ये ८०-९० टक्के तेल आणि गॅसच. सरकारला लोकांकडून कर गोळा करायची गरजच पडली नाही. आणि जो कर देत नाही त्याला हिशोब कोण देतं?

दर महिन्याला राजधानी अबुजात एक बैठक होते, फॅक म्हणतात तिला. ३६ राज्यांचे अर्थखात्याचे लोक जमतात आणि महिन्याभरात जमलेला पैसा केंद्र, राज्यं आणि ७७४ स्थानिक सरकारं यांच्यात वाटतात. आपल्याकडे जमीन एमआयडीसीत गेल्यावर चेक यायच्या दिवशी भाऊबंद जमतात ना तहसीलला, तसं, पण दर महिन्याला. आता वाटणीत प्रत्येक घराला वाटा मिळणार म्हटलं की काय होतं? घरं वेगळी होतात. १९६७ ला १२ राज्यं होती, १९७६ ला १९, आता ३६. माणसं मोजून वाटा मिळणार म्हटलं की जनगणनेवर भांडणं, शेवटची २००६ ला झाली, तीही वादातच. राज्याचा गव्हर्नर कारखाना आला काय नि गेला काय, महिन्याचा चेक तर येणारच.

याला अपवाद कुठला, तर लागोसच! तिथे तेल जवळजवळ नाहीच, पण १९९९ नंतर राज्याने स्वतःचा कर वसुलीचा धडाका लावला आणि आज बराचसा खर्च ते स्वतःच्या कमाईवर करतात. लागोसला लोक शिव्या घालतात ना सरकारला? घालणारच, पैसे भरतात ते.

शेतीचं राहिलं. स्वातंत्र्य मिळालं १९६० ला तेव्हा उत्तरेत कानोला शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असायचे, खरोखर पिरॅमिड, फोटो बघा. पश्चिमेला कोको, पूर्वेला पामतेल. मग १९७३-७४ ला तेलाचे भाव चौपट झाले, डॉलर वाहायला लागले, नायरा तगडा झाला. नायरा तगडा म्हणजे बाहेरचा तांदूळ-गहू स्वस्त आणि आपला शेंगदाणा बाहेर महाग. त्यात उत्तरेत दुष्काळ आणि शेंगदाण्यावर रोग. शेतकऱ्याचा पोरगा उठला आणि लागोसला गेला. याला पुस्तकात डच डिसीज म्हणतात, हॉलंडला गॅस सापडल्यावर तिथल्या कारखान्यांचं असंच झालं म्हणून. हॉलंड सावरलं कारण तिथे आधीच दुसरं बरंच काही होतं.

एक गंमत सांगते. तिथे सर्रास सांगतात म्हणे की मलेशियावाले ६० च्या दशकात आमच्याकडून पामची रोपं घेऊन गेले आणि आता आम्हालाच तेल विकतात. दुसरा भाग खरा, नायजेरिया पामतेल आयात करतो. पहिला भाग तितका खरा नाही, आग्नेय आशियातली जुनी झाडं १८४८ ला बोगोरच्या बागेत लावलेल्या चार रोपांपासून आली. झाड मूळचं आफ्रिकेचं एवढं नक्की. पण चार रोपांवर त्यांनी शंभर वर्षं काम केलं हे सांगायला कुणाला आवडत नाही.

---

इकेजा_रिटर्न:

मॅडम अगदी बरोबर, ती रोपांची गोष्ट मला तीन वेगवेगळ्या टॅक्सीवाल्यांनी सांगितलीय, प्रत्येकाच्या गोष्टीत रोपांची संख्या वेगळी.

सिमेंटचा किस्सा तुम्ही कसा सोडला? १९७५. हातात पैसा खुळखुळतोय, गोवॉनच्या लष्करी सरकारने बाहेरून सिमेंट मागवलं, किती, तर २ कोटी टन. बंदराची ताकद वर्षाला त्याच्या जवळपासही नाही. लागोसच्या बाहेर समुद्रात शेकडो जहाजं उभी, महिनोन्महिने, आणि करारात डेमरेज लिहिलेलं, म्हणजे जहाज उभं राहिलं की रोजचे पैसे. मग जगभरातली भंगारात काढायची जहाजं सिमेंट भरून लागोसला येऊन उभी राहायला लागली, माल उतरवायची घाईच नाही कुणाला. ओल लागून सिमेंट जहाजातच दगड झालं. त्याच वर्षी गोवॉनची खुर्ची गेली. मला हे बंदरातल्या एका म्हाताऱ्या क्लिअरिंग एजंटने सांगितलं होतं, तो तेव्हा पोरगा होता आणि त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते.

गंमत म्हणजे आज तोच देश सिमेंट निर्यात करतो. २००० नंतर सरकारने सांगितलं ज्याला आयातीचं लायसन पाहिजे त्याने इथे कारखाना टाका, आणि डांगोटे हा उद्योगपती त्यातूनच एवढा मोठा झाला. म्हणजे जमतं. पण मोजकेच कारखानदार असल्यामुळे भाव काही उतरत नाही हेही खरं.

---

थळकर:

डांगोटेचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचं गाव अलिबागजवळ, वडील खत कारखान्यात होते, मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस, लागोसजवळ लेक्कीला त्याच्या रिफायनरीच्या कामावर होतो पावणेदोन वर्षं एका कंत्राटदाराकडून. तिथे हजारोंनी भारतीय होते, मराठी बरेच, गणपतीला आरती व्हायची कंटेनरच्या मागे. देखरेखीचं काम पण आपल्या इंजिनियर्स इंडियाकडे होतं. स्थानिक लोकांचा त्यावर राग होता की आमच्या पोरांना का नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचा राग मला चूक वाटायचा नाही, थळला कारखाना आला तेव्हा आमच्या गावातल्यांनी हेच भांडण केलं होतं.

जागा म्हणजे निव्वळ दलदल. आधी समुद्रातून वाळू उपसून भराव घातला, साडेसहा कोटी घनमीटर वाळू असं सांगायचे. मोठी यंत्रं लागोसच्या आपापा बंदरातून येऊच शकत नव्हती, रस्ता कुठाय, म्हणून स्वतःची जेट्टी बांधली. स्वतःची वीज, स्वतःचा रस्ता, स्वतःचं पाणी. जामनगरला रिलायन्सने पण खूप काही स्वतः केलं, पण इथे सगळंच. ताकद दिवसाला साडेसहा लाख बॅरल, एकाच ट्रेनची (म्हणजे तेल गाळायची एकच लाईन) एवढी मोठी रिफायनरी जगात दुसरी नाही. खर्च गेला २० अब्ज डॉलरच्या घरात. मे २०२३ ला उद्घाटन झालं, जानेवारी २०२४ ला डिझेल निघालं आणि सप्टेंबरमध्ये पेट्रोल.

आणि मग काय झालं माहितीय का, रिफायनरी तयार आणि कच्चं तेल पुरेना! नायजेरियात! अमेरिकेतून जहाजाने कच्चं तेल आणायला लागले. कारण सरकारी कंपनीने पुढची कित्येक वर्षांची बॅरलं कर्ज घेताना आधीच बांधून टाकलेली, ऊस उभा असताना उचल घेतल्यासारखं. मग ऑक्टोबर २०२४ पासून नायरामध्ये कच्चं तेल द्यायची स्कीम काढली, त्यात पण कुरबुरी.

तेल चोरीबद्दल कुणी बोललं नाही. डेल्टात, म्हणजे नायजर नदीच्या मुखाजवळच्या तेलाच्या भागात, पाईपलाईनला भोक पाडून तेल काढतात आणि खाडीत ड्रम पेटवून घरगुती डिझेल गाळतात. आमचा एक फिटर पोर्ट हारकोर्टचा होता, तो सांगायचा सकाळी पांढरा शर्ट दोरीवर टाकला की दुपारी काळा. २०२२ ला रशिया-युक्रेनमुळे तेल १०० डॉलरच्या वर गेलं, तेव्हा खरं तर यांची चांदी व्हायला पाहिजे होती, तर नेमकं तेव्हाच चोरी आणि जुन्या पाईपलाईनींमुळे उत्पादन दिवसाला १० लाख बॅरलच्याही खाली घसरलं. वर पेट्रोल बाहेरून महाग आणायचं आणि स्वस्त द्यायचं, त्या एका वर्षात सबसिडीवर ४ लाख कोटी नायरापेक्षा जास्त गेले. तेल महाग झालं की तोटा होणारा तेलाचा देश. हे मी माझ्या सासऱ्यांना समजावायचा प्रयत्न केला, ते म्हणाले तू दमला आहेस, झोप.

---

मस्कतचा_बंड्या:

खडूफळा मॅडमचं गणित आमच्या ओमानला लावून बघितलं. दिवसाला १० लाख बॅरल, लोकं ५० लाखांच्या आसपास, त्यात आमच्यासारखे बाहेरचे ढीगभर. ७३ आलं माणशी. आणि आमच्याकडे पण आता बोंब आहे की तेल संपल्यावर काय, व्हॅट आला २०२१ ला, पोरांना नोकऱ्या नाहीत. तर अडीचवाल्यांनी काय करायचं. बायकोला सांग बाळ्या, दुबईसुद्धा आता तेलावर चालत नाही, बंदर आणि विमानतळावर चालते.

---

खडूफळा:

थळकर, डेल्टाचा विषय काढलात ते बरं झालं, माझ्याकडून राहिला होता. पहिली विहीर लागली ते ओलोइबिरी गाव. विहीर केव्हाच आटली, गाव आहे तिथेच आहे. स्वातंत्र्याच्या वेळी नियम होता की ज्या भागातून माल निघतो त्या भागाला निम्मा वाटा. तेव्हा माल म्हणजे कोको आणि शेंगदाणा, आणि तो होता मोठ्या जमातींच्या भागात. तेल निघालं छोट्या जमातींच्या खाडीत, आणि मग तोच वाटा उतरत उतरत एका टप्प्यावर दीड टक्क्यावर आला. १९९९ च्या घटनेत किमान १३ टक्के केला. मधल्या काळात डेल्टातल्या ओगोनी लोकांनी आवाज उठवला, त्यांचा पुढारी केन सारो-विवाला १० नोव्हेंबर १९९५ ला फाशी दिलं. २०११ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने ओगोनीलँडची तपासणी केली तेव्हा एका गावात लोक पीत होते त्या विहिरीच्या पाण्यात बेंझीन मर्यादेच्या ९०० पट निघालं. सगळं साफ करायला २५-३० वर्षं लागतील म्हणाले. आणि शेल या परदेशी तेल कंपनीने जमिनीवरचा आपला धंदा २०२५ ला स्थानिक गटाला विकून हात मोकळे केले. आता त्या विहिरींचं कुणाला विचारायचं?

सरळरेघ, यात चोर कोण ते तुम्हीच सांगा, मी वाट बघते.

---

सरळरेघ:

मी कुठे म्हटलं फक्त काळे चोर. असो. अडीच बॅरलचं गणित मात्र मी तपासलं, बरोबर आहे. ते मला माहीत नव्हतं.

---

भोसरीचा_बाळ्या:

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. अडीच बॅरल बायकोला वहीवर मांडून दाखवलं, ती गप्प झाली, मग म्हणाली आपली पण वाटणी अशीच झाली होती म्हसोबाच्या शेताची. सबसिडी २०२३ ला पूर्ण काढली ना? मग आता सुधारतंय का काही? आणि इकेजादादा, पगाराचं लिहिणार होतात.

---

इकेजा_रिटर्न:

काढली. २९ मे २०२३, नवीन राष्ट्राध्यक्ष टिनुबूने शपथविधीच्या भाषणातच सांगून टाकलं की सबसिडी गेली, त्याच संध्याकाळी पंपांवर रांगा. २०० च्या आतलं पेट्रोल दोन महिन्यांत ६०० च्या वर, पुढच्या वर्षी हजाराला भिडलं. त्यात जूनमध्ये नायरा मोकळा सोडला, डॉलरला ४६० होता तो पुढच्या वर्षभरात १५०० च्या आसपास गेला. २०२४ ला महागाई तीस टक्क्यांच्या वर. दोन्ही गोष्टी कधीतरी करायच्याच होत्या, मॅडमसारखी शिकलेली माणसं वीस वर्षं तेच सांगत होती, पण एका महिन्यात दोन्ही, आणि बस-बिस काही तयार नाही. माझा तो फोरमन, ज्याच्याबद्दल वर लिहिलं, त्याच्याशी अजून व्हॉट्सॅपवर बोलतो, तो प्लँटपासून दोन स्टॉप आधी उतरून चालत जायला लागला, डॅन्फोचं (तिथली मिनीबस) भाडं परवडेना. त्यानेच सांगितलं की राज्यांना महिन्याचा वाटा आता खूप वाढलाय कारण सबसिडीचे पैसे वाचले. मी विचारलं मग तुमच्याकडे काय झालं त्याचं, तर म्हणाला गव्हर्नरच्या ताफ्यात गाड्या वाढल्या. रस्त्याचं काम पण सुरू झालंय एक, हे त्यानेच सांगितलं, उगाच एकतर्फी नको.

आता पगार. माझा करार अर्धा डॉलरमध्ये भारतात आणि अर्धा नायरामध्ये तिथे असा होता. २०१४ ला डॉलर १६५ नायरा, मस्त चाललं होतं, नायराचे डॉलर करून घरी पाठवायचो. मग तेल १०० वरून ३० च्या खाली गेलं, २०१६ ला मंदी आली, बँकेत डॉलर मिळेना. कंपनीलासुद्धा मिळेना, मास्टरबॅच (प्लास्टिकला रंग देणारा माल) अडकलं, मोल्डचे स्पेअर अडकले, प्लास्टिकचा दाणा थोडा तिथलाच, इलेमेच्या कारखान्याचा, पण त्याचाही भाव डॉलरच्या हिशोबाने. तीन मशीन बंद ठेवून आम्ही एकाच रंगाच्या बादल्या काढत होतो, निळ्या, कारण निळा मास्टरबॅच शिल्लक होता. आणि २०१७ च्या सुरवातीला रस्त्यावर डॉलर बदलून देणाऱ्या अबोकीकडे डॉलर ५०० ला. पगारपत्रकावर आकडा तोच, पण नायरावाल्या अर्ध्याचे घरी पोचणारे रुपये एक तृतीयांश. एचआरला विचारलं तर म्हणाले करारात नायरा लिहिलंय. लिहिलं होतंच, सही माझीच.

तर तू गेलास तर सगळा पगार डॉलरमध्ये, भारतातल्या खात्यात, कागदावर. तिथे खर्चापुरता नायरा वेगळा. राहायचं कंपाउंडमध्ये, रात्री शहराबाहेर जायचं नाही, आईला सांग लागोसमध्ये सात वर्षांत मला कुणी उचललं नाही, एकदा मोबाईल तेवढा उचलला, थर्ड मेनलँड ब्रिजवर ट्रॅफिकमध्ये काच खाली होती म्हणून. वीजबिल कोण भरणार ते विचारून घे, एप्रिल २०२४ ला जास्त तास लाईट मिळणाऱ्या भागात युनिटला २२५ नायरा केले होते.

डाळी-मसाले मिळतात सगळे. फक्त कुकरची रिंग आणि शिट्टी इथूनच ने, दोन-दोन. मी एक नेली होती.